कुंकवाखालची रेघ

कस्तुरा ओव्हाळ पंच मशीनवर बसली की लांबून वाटायचं, बाई भाकऱ्या थापतेय. मान खाली, कोपरं अंगाला चिकटलेली आणि हात कसे झपाझप. कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात तिच्याइतकं वेगानं कुणी पंच करत नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. उगाच लाजणं-बिजणं तिच्यात नव्हतं. कुणी म्हटलं, "काय स्पीड आहे हो तुमचा," तर ती म्हणायची, "आहेच."

ओव्हाळांचं मूळ गाव चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या काठाला. धर्मांतर झालं तेव्हा कस्तुराच्या आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि टोपली तेवढी परत आणली, कारण टोपली चांगली होती. आई चतुराबाई चाकणच्या बाजारात कांदे निवडायला जायची. वडील साहेबराव बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला पिंपरीला आले. माळावर कारखाने उभे राहत होते. साहेबरावांनी एका कंपनीचा पाया खणला आणि इमारत उभी राहिल्यावर त्याच कंपनीच्या फौंड्रीत, ओतकामाच्या साच्यांत वाळू भरायच्या कामाला लागले. कंपनी ट्रकचे गिअर बनवायची. मागून बायकोपोरं आली आणि रेल्वेलाइनच्या अल्याड एका चाळीत बिऱ्हाड मांडलं.

साहेबरावांना कायम व्हायला फार वर्षं लागली. का लागली ते सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. तात्पुरत्या कामगाराचे सलग ठराविक दिवस भरले की त्याला कायम करावं लागे. मग कंपनी काय करायची, दिवस भरत आले की त्या माणसाला थोडे दिवस घरी बसवायची. याला ब्रेक म्हणत. ब्रेक पडला की आधीचे सगळे दिवस पाण्यात, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माणूस तोच, भट्टी तीच, वाळू तीच, आणि कागदावर मात्र हा कालच आलेला. साहेबरावांचं अर्धं आयुष्य असं कालच आलेल्या माणसाचं गेलं.

कस्तुरा मॅट्रिक झाली, चिंचवडला टायपिंगचा क्लास केला आणि अठ्ठ्याहत्तर साली त्याच कंपनीत पंच ऑपरेटर म्हणून चिकटली. कॉम्प्युटरची खोली थंडगार. साहेबराव एकदा दारातून डोकावून गेले आणि घरी येऊन चतुराबाईला म्हणाले, "आपली पोर बर्फाच्या कारखान्यात बसती."

आताच्या मुलांना कार्ड म्हणजे काय ते सांगावं लागेल. लग्नपत्रिकेएवढा जाड कागद, त्यावर मशीननं पाडलेली चौकोनी भोकं. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. अशी कार्डं एकामागं एक उभी लावली की झाला प्रोग्राम. तो गठ्ठा लांब ट्रेमध्ये ठेवायचा, रीडर नावाच्या मशीनला द्यायचा. ते कार्डं भराभर गिळतं आणि कॉम्प्युटर त्या ओळी त्याच क्रमानं पाळतो. ओळ बदलायची तर ते कार्ड काढून नवं घालायचं. वाढवायची तर मध्ये खुपसायचं. काय बदललं, कधी बदललं, कुणी बदललं, हे कुठंही आपोआप लिहून राहत नसे. गठ्ठा आज जसा दिसतोय तसा, बस्स. कालचा कसा होता ते ज्याचं त्यानं ओळखावं.

प्रोग्राम लिहायचा सयाजी. कऱ्हाडकडचा. हुशार होता, पण स्वतःच्या हुशारीचा वास स्वतःच घेत हिंडणारा. गठ्ठा हातून पडला तर पंचाईत नको म्हणून त्यानं एक युक्ती केली होती. गठ्ठा पक्का झाला की तो कार्डांच्या वरच्या कडांवरून निळ्या बॉलपेननं एक तिरपी रेघ ओढायचा. प्रत्येक कार्डाच्या कडेवर एकेक ठिपका, आधीच्यापेक्षा जरासा सरकलेला. कार्ड हललं की रेघ तुटलेली दिसणार. कार्डांना नंबरही असायचे, पण मागून घातलेल्या कार्डांना नंबर कुठून आणायचा?

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात पर्सोनेल मॅनेजर तांबवेकर साहेब सयाजीकडं आले. कायम करायच्या माणसांची यादी वर्षातून दोनदा कॉम्प्युटरवर निघायची, त्या यादीबद्दल त्यांची तक्रार होती.

"फौंड्रीतली ब्रेकवाली माणसं यादीत घुसतात, दर वेळी हातानं खोडावी लागतात. त्यांचे जुने दिवस तुमचा प्रोग्राम धरतोच कसा?"

"धरणार नाही, साहेब," सयाजी म्हणाला.

त्यानं जुनी एक ओळ काढली आणि दोन नव्या लिहून दिल्या. पहिली ओळ अशी, की ब्रेक पडला असेल तर आधीचे दिवस शून्य कर. तिच्यापुढं काही कार्डं सोडून दुसरी, की आधीचे दिवस एकूण बेरजेत मिळव. यात क्रमाला महत्त्व. पाटी आधी पुसली आणि मग बेरीज घेतली तर हाती काहीच येत नाही. बेरीज घेऊन झाल्यावर पाटी पुसली तर पुसून उपयोग काय, दिवस तर बेरजेत जाऊन बसले.

या दोन ओळी कस्तुरानंच पंच केल्या, सयाजीनं आठवणीसाठी मागितलेल्या गुलाबी कार्डांवर. काय पंच करतोय ते तिला कळत होतं. तिचा धाकटा भाऊ भीमराज त्याच फौंड्रीत तात्पुरता होता आणि त्याला एकदा नव्हे, दोनदा ब्रेक दिलेला होता. भावाचे दिवस पुसणारी ओळ बहिणीच्या हातून पंच झाली. तिला रडू आलं नाही, राग आला. एवढा राग येऊनही बोटं चुकली नाहीत, त्याचा आणखी राग आला.

गुलाबी कार्ड ज्या कार्डामागं घालायचं त्यावर सयाजीनं पेन्सिलीनं टिकली काढली. दोन टिकल्या, दोन गुलाबी कार्डं. मग सबंध गठ्ठ्यावरून निळी रेघ ओढली. उन्हाळ्याची यादी निघाली, त्यात फौंड्रीतलं ब्रेकवालं एकही नाव नव्हतं. तळवड्याला भीमराजसाठी मुलगी बघून ठेवली होती. मुलीच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं, "पोरगा कायम झाला की या. तोवर आमी काय पोरगी पळवून न्हेत न्हाई." म्हणजे सोयरीक लटकली. भीमराज घरात कुणाशी बोलेनासा झाला, ताटावर बसला तरी भिंतीकडं तोंड करून.

मग खंडेनवमी आली. कारखान्यांच्या गावात हा सण केवढा, ते बाहेरच्याला कळायचं नाही. लेथपासून झाडूपर्यंत सगळं धुऊनपुसून त्याची पूजा. कॉम्प्युटर खात्यात हा मान इंदुताईंचा. इंदुताई म्हणजे मुख्य ऑपरेटर, साताऱ्याकडच्या, नवरा गेल्यावर दोन मुलं घेऊन नोकरीवर उभ्या राहिलेल्या. कस्तुरा पूजेला थांबत नसे. त्या दिवशी ती मुद्दाम उशिरा यायची, इंदुताई तिला पेढा द्यायच्या, ती तो आवडीनं खायची, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही. असं ते छान चाललं होतं.

त्या वर्षी इंदुताईंच्या मनात आलं, मशीनला आपण फुलं वाहतो, पण मशीन चालतं ते या कार्डांवर. मग कार्डांना का नको? त्यांनी कुंकू पाण्यात कालवलं आणि प्रत्येक गठ्ठ्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्या बोटानं लालभडक पट्टा ओढला. सयाजी दसऱ्याची सुट्टी संपवून आला आणि त्याच्या अंगाची लाही झाली. पण देवाधर्माचं काम, बोलतो कुणाला! सयाजीची फिकी निळी रेघ कुंकवाखाली कुठं गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दसऱ्यानंतर यादी काढायला घेतली. व्हायचं तेच झालं. हवा दमट, ओल्या कुंकवानं कार्डं एकमेकांना चिकटलेली. रीडरनं दोन-दोन कार्डं एकदम ओढली आणि आतच चुरगाळली. कस्तुरानं ती अलगद काढली, समोर धरून वाचली, तश्शी नवी पंच केली आणि जागच्या जागी लावली. यादी निघाली. दिवाळीच्या तोंडावर, बोनसच्या दिवशी ती गेटवर लागली.

यादीत भीमराज होता. नुसता भीमराजच नव्हे, फौंड्रीतली ब्रेकवाली झाडून सगळी माणसं होती. दुपारच्या शिफ्टनं गेटवरच गुलाल उधळला. भीमराज धावत घरी आला, आईच्या पाया पडला आणि ओक्साबोक्शी रडला. भाऊबीजेच्या आत तळवड्याची सुपारी फुटली. चाळीतल्या बाया म्हणाल्या, "कस्तुरे, कॉम्पुटर पावला गं तुला." ती हसली. तिला वाटलं, साहेबांनीच मन बदललं असेल, एखादेवेळी बदलतंही माणसाचं.

कसलं काय! तांबवेकर साहेब दिवाळीची रजा संपवून आले आणि यादी बघून त्यांचे डोळे पांढरे झाले. यादी मागं घ्यायची म्हटलं तर युनियन दारात उभी. युनियनचं म्हणणं सरळ होतं, यादी कंपनीनंच काढली, कंपनीच्याच कॉम्प्युटरनं काढली, आणि कॉम्प्युटर चुकत नाही हे तुम्हीच आम्हाला सांगितलंय. आता सुटकेची वाट एकच होती. कुणाच्या तरी हातून प्रोग्राम बदलला गेला हे दाखवता आलं, तर यादी रद्द करता येणार होती.

गठ्ठा टेबलावर आणला. आणि एखाद्या आंधळ्यालाही दिसावं तसं दिसलं. कुंकवाचा लाल पट्टा सलग आणि मध्येच काही कार्डं कोरी, पांढरीफेक. म्हणजे पूजेनंतर घातलेली. चौकशी लावायलाच नको. ती कार्डं कुणी घातली, तर कस्तुरानं. कस्तुराचा भाऊ कोण, तर भीमराज. तांबवेकर साहेबांनी तिला बोलावलं. खोलीत सयाजी आणि इंदुताईही होत्या.

"ही कार्डं तू बदललीस?"

"बदलली नाहीत, साहेब. चुरगाळली होती म्हणून जशीच्या तशी परत पंच केली."

"जशीच्या तशी कशावरून?"

सयाजी खुर्चीत रेलून म्हणाला, "हिला कुंकवाचं वावडं. तेवढीच कार्डं निवडून काढली असतील." तो गमतीत बोलला असेल. खोलीत कुणी हसलं नाही, आणि कुणी त्याला टोकलंही नाही. कस्तुराच्या कानशिलात रक्त चढलं. तिनं इंदुताईंकडं बघितलं. चार शब्द त्या बोलतील असं तिला वाटलं होतं. इंदुताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांचा चेहरा असा उतरला होता की जणू चौकशी त्यांचीच चाललीय.

"नोकरी जाईल तुझी, आणि यादीही रद्द होईल," तांबवेकर साहेब म्हणाले. आवाज चढवून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "जुनी कार्डं कुठं आहेत? असतील तर दाखव. नसतील तर मला दुसरा इलाज नाही."

तेव्हा कुठं कस्तुराला आठवलं. खराब कार्डं ती कँटीनच्या सोनबाला द्यायची. सोनबाला असल्या कागदाचं भारी वेड. "साहेब," ती म्हणाली, "कँटीनच्या दारात आकाशकंदील आहे ना, त्यात आहेत."

सगळी वरात कँटीनकडं निघाली. त्रिपुरी पौर्णिमा व्हायची होती, कंदील अजून लटकत होता. सबंध कंदील पंच कार्डांचा. आतला दिवा लागला की भोकाभोकांतून भिंतीवर चांदणं पडायचं, म्हणून कामगार मुद्दाम तिथं चहा प्यायला थांबत. साहेबांनी तो उतरवायला सांगितला तशा सोनबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अवो सायेब, आठ दीस लागलं मला ह्याला! पुरता उसवायला का तुमच्या बापाचा..." बाकीचं त्यानं गिळलं. नशीब एवढंच, की त्यानं कार्डांना कात्री लावली नव्हती, नुसत्या घड्या घालून पिना मारल्या होत्या. उसवता उसवता लाल कडांची कार्डं एकेक हाती येऊ लागली.

खोलीत परत आल्यावर ट्यूबलाइटखाली काम सुरू झालं. जुनं कार्ड सरळ करायचं, त्यावर नवं ठेवायचं, दोन्ही मिळून दिव्यासमोर धरायची. भोकं जुळली तर प्रत्येक भोकातून उजेड आरपार. एक जरी भोक वेगळं असेल तर तिथं अंधार. तांबवेकर साहेब स्वतः डोळा बारीक करून बघत होते. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. कस्तुरा गठ्ठ्यातून नवं कार्ड उपसायची, साहेबांच्या हातात द्यायची आणि परत लावायची. गठ्ठा तिच्या नाकासमोर होता.

तेव्हा तिला ती रेघ दिसली.

वाळलेलं कुंकू हाताळून हाताळून झडलं होतं आणि त्याखालून सयाजीची निळी तिरपी रेघ वर आली होती. पांढऱ्या कार्डांपाशी ती तुटलेली, ते बरोबरच. पण आणखी दोन ठिकाणी ती तुटत होती, आणि तिथं पांढरं कार्ड नव्हतं. गुलाबी होतं. पहिल्या गुलाबी कार्डाचा ठिपका रेघ सोडून पुढं पडला होता, दुसऱ्याचा मागं. कस्तुरानं कडेवर अंगठा दाबून कार्डं जराशी फाकवली आणि वरची छापील अक्षरं वाचली. पहिल्या जागी बेरीज. दुसऱ्या जागी शून्य. उन्हाळ्यात तिनं स्वतःच्या हातानं पंच केलेली, उलटी लागलेली.

आणि दोन्हींवर कुंकू होतं. पट्ट्यात कुठं खंड नाही, दोन्हींवरून बोट सरळ फिरलेलं. म्हणजे अदलाबदल झाली ती पूजेच्या आधी, आणि कुंकू लागलं ते त्यानंतर. खंडेनवमीला ट्रे पुसायला काढले असणार. त्यातला एक हातून पडला असणार. नंबरांनी कार्डं लागली असणार; राहिली दोन गुलाबी, नंबर नसलेली, आणि दोन टिकल्या. कुठलं कुठं, हे कुणाला विचारायचं? त्या दिवशी सकाळी इथं एकच बाई होती. कस्तुरानं मान वर केली नाही, पण इंदुताईंचा चेहरा का उतरलाय ते तिला कळलं.

"हे शेवटचं," साहेब म्हणाले. त्यांनी ते दिव्यासमोर धरलं. उजेड आरपार आला.

सयाजीनं गठ्ठा स्वतःकडं ओढला. "माझी गुलाबी दोन्ही आहेत ना? हं, आहेत. कुंकवासकट." त्यानं दोन्ही वाचली. दोन्ही आपल्याच ओळी. दोन्ही आहेत एवढं त्यानं बघितलं. कुठली आधी नि कुठली नंतर, हे आपल्यालाच तपासावं लागेल असं त्याच्या मनातही आलं नाही. "साहेब, प्रोग्राम उन्हाळ्यात होता तोच आहे. काहीही बदललेलं नाही. घोळ तुमच्या टाइम ऑफिसनं हजेरी भरताना घातला असेल, माझ्या गळ्यात नको."

तांबवेकर साहेबांनी शेवटचं कार्ड टेबलावर ठेवलं. मग कस्तुराकडं वळले.

"तुला आणखी काही सांगायचंय?"

आता तिच्यापुढं सगळं लख्ख होतं. बोट ठेवून दाखवलं असतं तर तिच्यावर कसलाच डाग राहणार नव्हता. इंदुताईंची नोकरी गेली असती. यादी रद्द झाली असती. भीमराज आणि फौंड्रीतली ती सगळी माणसं पुन्हा कालच आलेली झाली असती, आणि तळवड्याची सुपारी परत आली असती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण साहेबांनी विचारलं होतं ते सांगायचंय का, एवढंच; आणि सांगायचं तर तिला नव्हतंच. तिला आठवला आबांचा, साहेबरावांचा चेहरा, दर ब्रेकला डबा रिकामा घेऊन बसणाऱ्या माणसाचा.

"नाही, साहेब," ती म्हणाली.

यादी तशीच राहिली. टाइम ऑफिस आणि कॉम्प्युटर खातं यांच्यात जे जुंपलं ते पुढं बरीच वर्षं. एकमेकांच्या टेबलावर चहासुद्धा घेत नसत.

दोन दिवसांनी इंदुताई कंपनीच्या बसमध्ये तिच्याशेजारी येऊन बसल्या. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ट्रे माझ्या हातून पडला होता गं."

"मला दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?" कस्तुरा ताडकन म्हणाली. "मला कुंकवावरून बोलले तेव्हा तरी बोलायचं होतंत."

इंदुताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझी दोन पोरं आहेत, कस्तुरा. माझी पाचावर धारण बसली होती." त्या एवढंच म्हणाल्या, आणि ते खरं होतं. कस्तुराला त्यांची कीव आली, रागही तसाच राहिला. चिंचवड स्टेशन आलं. उतरताना इंदुताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो राहू दिला.

घरी साहेबरावांनी तिला एकदाच विचारलं. चाळीच्या नळावर कुणी नाहीसं बघून, हळूच. "खरं सांग पोरी. तूच केलंस न्हवं?"

"न्हाई, आबा."

"न्हाई?" म्हातारा जरा हिरमुसला. त्याला वाटत होतं, आपल्या लेकीनं कंपनीला एकदा तरी इंगा दाखवला. "बरं, न्हाई तर न्हाई," तो म्हणाला आणि बादली उचलून निघाला. भीमराजचं लग्न माघात झालं. कस्तुरा मांडवात वाढायला होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी कंपनीनं नवा कॉम्प्युटर आणला. तांबवेकर साहेब तोवर नाशिकच्या कुठल्या कारखान्यात निघून गेले होते. जुनी कार्डं कुंकवानं, हाताच्या मळानं खराब झालेली. नव्या रीडरमध्ये घालायची सोय नव्हती. सयाजीनं हुकूम सोडला, सगळे प्रोग्राम कोऱ्या कार्डांवर पुन्हा पंच करा, पहिल्यापासून नंबर टाकून. कायमच्या यादीचा गठ्ठा कस्तुराच्या वाट्याला आला. पंच झालेलं कार्ड दुसऱ्या मशीनवर पुन्हा टाइप करून ताडायचं असतं, ते काम इंदुताईंकडं.

पहिलं गुलाबी कार्ड समोर आलं. बेरीज. कस्तुरा थांबली. कार्डं जागेवर लावणं आता एका हाताचं काम होतं. तिनं ती सरळ केली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि येणाऱ्या यादीतून ब्रेकवाले पुन्हा गळले असते. भीमराज तर कायम झाला होता. त्याच्यापुरतं काहीच उरलं नव्हतं. फौंड्रीत मात्र नवी तात्पुरती पोरं आली होती, तिला नावानंही माहीत नसलेली. आतापर्यंत चूक दुसऱ्याच्या हातून झालेली होती आणि ती फक्त गप्प बसली होती. आता तसं नव्हतं. तिला भीती वाटली. मग तिनं बेरीज आधी पंच केली, मधली कार्डं केली, आणि शून्य नंतर. दोन्हींवर नंबर टाकले.

पांढरीशुभ्र कार्डं इंदुताईंकडं गेली. त्या ताडत गेल्या, आणि एका जागी त्यांचं मशीन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून कस्तुराकडं बघितलं.

"हे असंच?"

"असंच, इंदुताई."

इंदुताईंचं मशीन पुन्हा सुरू झालं.

सयाजी दुपारी आला, नवा गठ्ठा हातात तोलून बघितला. "काही बदललं नाहीस ना कुठं?"

"एक अक्षरसुद्धा नाही," ती म्हणाली.

"शाब्बास. ते जुनं टाक रद्दीत."

तो गेल्यावर कस्तुरानं जुना ट्रे उचलला, मागच्या पोर्चमध्ये नेला आणि फरशीवर उपडा केला. मग खाली बसून दोन्ही हातांनी ती कार्डं कालवायला लागली, वरची खाली, खालची वर, रेघेचा एक ठिपका दुसऱ्याशेजारी राहणार नाही अशी. मागून इंदुताई आल्या. क्षणभर उभ्या राहिल्या. मग पदर खोचून तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनीही हात घातला.